आत्याच्या सरावाच्या वाटा

आत्याबद्दल बोलताना सगळे लांबूनच सुरुवात करतात. कैलास-मानसरोवर, नेपाळची थोरांग ला खिंड, लडाख, नर्मदेची पायी परिक्रमा. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता, "काय धाडसी बाई!" धाडसी तर ती होतीच. पण ते धाडस ठाण्यात, चरईतल्या दोन खोल्यांत आणि आजूबाजूच्या डोंगरांवर कसं तयार होत होतं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला ती चुटपुट लागून राहिली. आत्या-आतोबांना मूल नाही, माझं अर्धं बालपण त्यांच्या घरी गेलं, त्यामुळे ते सगळं मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त घराचं झालं. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि जानेवारीअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. माळा आवरताना सॅक, स्लीपिंग बॅग, रॉकेलचा पितळी स्टोव्ह, दोराचं मोठं भेंडोळं आणि एक लांबट हिशेबाची वही निघाली. वहीवर 'सराव' एवढंच लिहिलेलं. आत प्रत्येक मोठ्या प्रवासाच्या आधीच्या महिन्यांच्या नोंदी होत्या. कुठे चालली, पाठीवर वजन किती, वेळ किती लागला, दुसऱ्या दिवशी काय दुखलं. हिमालयाचा त्यात उल्लेखही नाही. सगळी नावं आपल्या इथली: तलावपाळी, येऊर, ऐरोलीची खाडी, मुंब्रा.

आतोबा ती वही घेऊन बराच वेळ खिडकीत बसले होते. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना प्रवास कधीच मानवला नाही. बस लागते, घाट आला की डोळे मिटून घेतात. वही मिटून ते म्हणाले, "हिमालय माझ्या नशिबात नव्हता. पण या वाटा तर जवळच्या आहेत. घर सोडायच्या आधी मला त्या दाखवशील?"

मी ऑफिसात रजा टाकली. बारा वर्षांची माझी लेकही बरोबर निघाली.

पहिला दिवस : तलावपाळी आणि जुनं ठाणं

वहीतल्या पहिल्याच पानावर आहे : 'तलावपाळी. पहाटे ५. १० फेऱ्या. नवीन बूट.'

नवे बूट डोंगरावर पहिल्यांदा घालायचे नाहीत, हा तिचा दंडक होता. सत्तरच्या दशकात गिर्यारोहणाचे बूट कुठले मिळायला? हिरव्या कॅनव्हासचे हंटर शूज मिळायचे. ते घालून ती पाचवारी साडीत मासुंदा तलावाभोवती चालायची. घरात बूट चालणार नाहीत असं सासूबाईंनी बजावलेलं, म्हणून घरी असली की जिन्यावरून गच्चीपर्यंत चढउतार. टाचेला कुठे घासतं ते इथे, घराजवळ कळलं पाहिजे, कारण तिथे बर्फात फोड आला तर पूर्ण गटाची चाल मोडते, असं ती म्हणायची. शेजारच्या बायका हसत. आत्या त्यांनाही हसून हात करी आणि पुढची फेरी घेई.

आम्ही सहाला पोचलो. थंडी होती, ठाण्यात पडते तेवढी. तलावाभोवती इतकी माणसं चालत होती की आतोबा म्हणाले, "तेव्हा ही एकटी असायची. मी गॅलरीतून जाताना बघायचो आणि परत अंथरुणात शिरायचो." त्यांनी दोन फेऱ्या केल्या. मग कोपिनेश्वराचं दर्शन घेतलं. तिथली पिंड एवढी मोठी आहे की माझी लेक लहानपणी तिला घाबरायची. आत्या प्रत्येक प्रवासाला निघताना इथे यायची, पण नवस बोलायची नाही. "देवाला कशाला अडकवायचं? तयारी माझी मी केली आहे, फक्त सांगून जाते."

तिथून पायीच सेंट्रल जेलच्या भिंतीपर्यंत गेलो. हा मुळात ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला आणि वसईच्या मोहिमेत, १७३७ साली, तो मराठ्यांकडे आला. पुढे इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी इथेच कैदेत ठेवलं होतं आणि १८१६ साली ते इथून निसटले. असं सांगतात की एक मोतद्दार त्यांच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठी गाणी म्हणायचा, आणि पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यांत असायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आत्या ही गोष्ट आम्हा मुलांना या भिंतीशी उभं करून सांगायची. तिला डेंगळ्यांपेक्षा त्या मोतद्दाराचं कौतुक जास्त. "किती दिवस गात असेल बिचारा! एका रात्रीचं पळणं, पण त्याच्यामागे किती दिवसांचा रियाज." मी तीच गोष्ट लेकीला सांगितली. तिला ती आत्याआजीकडून आधीच माहीत होती, तरी तिने सांगू दिली.

टेंभी नाक्यावर चहा घेऊन स्टेशनकडे वळलो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली : ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. आत्याला याचा फार अभिमान. मुंबईवाले बोरीबंदरचं कौतुक करतात, पण त्या गाडीतल्या लोकांना यायचं होतं ते आमच्या ठाण्याला, असं ती ठासून सांगायची.

उत्तरेकडच्या गाड्या ती बहुतेक कल्याणहून पकडायची. आतोबा कल्याणपर्यंत जायचे नाहीत. ठाण्याच्या फलाटावर लोकलमध्ये सॅक चढवून द्यायचे आणि परत फिरायचे. "निरोप लांबवलेला हिला आवडायचा नाही," ते म्हणाले. "आणि गाडी सुटल्यावर मी एकटाच घरी जायचो, त्यापेक्षा ठाण्याहूनच जवळ पडायचं." फलाटावरची गर्दी आम्हाला ढकलत होती. एका खांबाला टेकून ते थोडा वेळ उभे राहिले. मी घाई केली नाही.

मग त्यांनी पत्रांचं सांगितलं. पूर्वी डोंगरात फोन कुठला? आत्या वाटेतल्या शेवटच्या पोस्टातून आंतर्देशीय पत्र टाकायची आणि ते बहुतेक वेळा ती परत आल्यावर पोचायचं. ती समोर ओट्याशी पोळ्या लाटत असायची आणि आतोबा तिचंच पत्र मोठ्याने वाचायचे : 'आज खूप बर्फ पडला, पण मी ठीक आहे. काळजी नसावी.' ती सगळी पत्रं त्यांच्याकडे आहेत. तीही आता भाड्याच्या घरात जातील.

दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. वि. ल. भावे यांनी १८९३ साली उभ्या केलेल्या या संस्थेत आत्याने अक्षरशः शनिवारच्या शनिवार दुपारी घालवल्या. ॲटलासवर बटर पेपर ठेवून ती नद्या आणि खिंडी गिरवून घ्यायची. एक प्रत स्वतःच्या सॅकमध्ये, दुसरी आतोबांसाठी. आतोबा त्या कागदावर रोज रात्री पेन्सिलीने एक टिंब पुढे सरकवायचे. ती वेळापत्रकाप्रमाणे चालते आहे, असं धरून.

दुसरा दिवस : येऊर

ठाणे स्टेशनवरून येऊरची बस घेतली. उपवन मागे पडलं आणि चढ लागला तसा आतोबांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला, पण डोळे उघडे ठेवले.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पूर्ण उद्यान १०३ चौरस किलोमीटरच्या घरातलं, आणि त्यात बिबटे राहतात. शहराला एवढं लागून असं जंगल दुसरीकडे कुठे असेल, असं मला दर वेळी वाटतं. अलीकडे इथे बंगले, हॉटेलं आणि शनिवार-रविवारचा धांगडधिंगा फार वाढला आहे. रात्री वाजणाऱ्या स्पीकरचा त्रास जंगलाला होतो तसाच पाड्यांनाही होतो. आत्या हयात असेपर्यंत याबद्दल अर्ज करत राहिली. मला विचाराल तर संध्याकाळी पाचनंतर बाहेरच्या गाड्यांना येऊर बंदच करायला हवं.

वनखात्याच्या चौकीवर नोंद करून आम्ही आत गेलो. जानेवारीतलं जंगल मोकळं असतं. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली कडकड वाजतात, ऐनाच्या खोडावरच्या भेगा मगरीच्या पाठीसारख्या दिसतात, काटेसावर निष्पर्ण होऊन फुलायच्या बेतात असते. तांबट एकसुरी टुक-टुक करत होता. आतोबा काठी टेकत, थांबत, पण चालत होते.

वहीत येऊरची पानं सर्वांत जास्त आहेत, आणि २००० सालच्या कैलास-मानसरोवराआधीची तर भरगच्च. एक नोंद अशी : 'येऊर. पाठीवर ८ किलो, सगळं पाणी. वर ओतून दिलं. गुडघे ठीक.'

हे पाण्याचं मला समजावून सांगायला हवं. सरावाला पुष्कळ जण सॅकमध्ये विटा नाहीतर तांदूळ भरतात. आत्या पाण्याच्या बाटल्या भरायची. चढताना वजन पूर्ण, कारण दम आणि मांड्या चढावर तयार होतात. उतरताना मात्र गुडघ्यांवर दणके बसतात, तेव्हा वजन नको. वर पोचलं की पाणी ओतून टाकायचं आणि हलकं होऊन उतरायचं. पन्नाशीच्या पुढे ती एवढी चालली, नर्मदेकाठचे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर तर निवृत्तीनंतर, ते गुडघे असे राखल्यामुळे. उन्हाळ्यात मात्र ती पाणी ओतायची नाही, पाड्यावर कुणाच्या तरी हंड्यात रिकामं करायची. तशीही नोंद आहे. आम्ही पाड्यावर एका घरी विचारलं, अशी कुणी बाई आठवते का म्हणून. अंगणात वाल सोलत बसलेल्या बाई म्हणाल्या, "असेल हो. पुष्कळ लोक येतात डोंगरावर." त्यांनी आम्हाला बसायला खाट दिली आणि लेकीच्या ओंजळीत बोरं घातली.

त्या खाटेवर बसून आतोबांनी मालपाचं सांगितलं.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये कुमाऊंतल्या मालपा गावावर दरड कोसळली. दोनशेच्या वर माणसं गेली. त्यांत कैलास-मानसरोवरला निघालेल्या यात्रेकरूंचा एक जथाही होता. आत्याच्या मनात त्या यात्रेचं बरीच वर्षं होतं. सरकारी यात्रा १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हापासूनचं. मालपाची बातमी आली आणि घरात सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, आता हा विषय बंद. माझे बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

"मीही नको म्हणालो होतो," आतोबा म्हणाले. "ती वाद घालत बसली नाही. दीड वर्षाने एका रविवारी तिने माझ्यासमोर फाइल ठेवली. आत सगळं होतं. रोजचा मुक्काम कुठे, तिथली उंची किती, कुठल्या ठिकाणाहून निरोप येऊ शकतो, दिल्लीत मेडिकलला काय काय तपासतात, विमा, बँकेतलं नॉमिनेशन, मृत्युपत्रसुद्धा. मी म्हटलं, हे काय अभद्र? तर म्हणाली, 'अहो, डोंगर कोसळायचा तर कोसळेल, ते माझ्या हातात नाही. पण मी नसताना तुम्हाला रात्री झोप लागेल एवढी माहिती देऊन जाणं माझ्या हातात आहे.'"

"लागली झोप?" लेकीने विचारलं.

"लागायची. डोल्मा लाची रात्र सोडून."

डोल्मा ला ही कैलासाच्या परिक्रमेतली सर्वांत उंच खिंड, ५६०० मीटरच्या वर. आतोबांच्या कागदावर त्या तारखेला लाल टिंब होतं. ती त्या दिवशी चढली का, उतरली का, कळायला मार्ग नव्हता. धारचुल्याला परत आल्यावर तिने एसटीडी बूथवरून फोन केला आणि आधी विचारलं, 'दुधाचे कूपन संपले असतील, आणलेत का?' हे सांगताना आतोबांचा आवाज दाटला. मग त्यांनी सॅकमधली पाण्याची एक बाटली काढली. सकाळपासून ती त्यांच्याच पाठीवर होती आणि मला पत्ता नव्हता. वाटेवरच्या एका ऐनाच्या बुंध्याशी त्यांनी ती रिकामी केली. "उतरताना गुडघे जपायचे," ते म्हणाले.

कारवीच्या वाळक्या काड्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या. ही कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली सगळा उतार जांभळा झाला होता, तेव्हा आत्या माझ्या तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन इथे आली होती. लेकीला त्यातलं फक्त मधमाश्यांचा आवाज आठवतो. मला आठवतं ते आत्याचं सांगणं : एका फुलालाही हात लावू नकोस, याला आता बी धरायचं आहे आणि मग झाड मरणार आहे.

तिसरा दिवस : ऐरोली

आत्याची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, स्टोअर्समध्ये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं, ते तिने कंपनीच्या बसच्या खिडकीतून रोज पाहिलं. तेव्हा ऐरोली म्हणजे आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं आणि तिवरं. आता मी तिथेच बाविसाव्या मजल्यावर राहते.

स्टोअर्सच्या कामाची तिला शिस्त होती, आणि ती डोंगरावर उपयोगी पडली. नट-बोल्टची नोंद ठेवणारी बाई सॅकमधल्या काडेपेट्याही मोजायची, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. माझ्या मते तिचं अर्धं गिर्यारोहण त्या कारखान्यातच झालं.

ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, बघायला बोटी सुटतात. वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरते. ठाणे खाडीतलं हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. वहीत मात्र खाडीची पानं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. 'ओहोटी दुपारी. रोहित पुष्कळ. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत, तोल सांभाळायचा चांगला सराव.' दिवा कोळीवाड्याच्या बाजूने ती सुट्टीच्या दिवशी उतरायची. कुठल्या चिखलात पाय घालायचा आणि कुठल्यात नाही, ते कोळणींकडून शिकली होती.

आतोबांना बोट लागेल अशी मला धास्ती होती. पण खाडीचं पाणी संथ होतं आणि त्यांचं लक्ष तिवरांकडे होतं. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यामधून सरपटणारे निवटे. पुढे वळणावर रोहित पक्ष्यांचा थवा. लांबून नुसता गुलाबी पट्टा दिसतो, जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक पक्षी कामात आहे. एक तर आमच्या अगदी जवळ होता. मान खाली सोडून त्याने चोच उलटी पाण्यात धरली होती, वरची बाजू खाली. पाय जागच्या जागी नाचवून चिखल ढवळत होता, आणि चोच सारखी किंचित थरथरत होती. पाणी आत घ्यायचं, गाळायचं, बाहेर टाकायचं. अंगाचा गुलाबी रंगही त्या गाळलेल्या शेवाळातूनच येतो, म्हणून वर्षभराचं पिल्लू करडं असतं. तशी तीन-चार करडी पोरं थव्यात होती.

"ही कुठून येतात?" आतोबांनी बोटवाल्याला विचारलं.

"गुजरात, कच्छाकडून बरीच. पावसाच्या आधी परत जातात."

"सामान काही लागत नाही यांना," आतोबा म्हणाले आणि परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. किनाऱ्यावर आल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, पुढच्या महिन्यात परत येता येईल का.

रात्री ते माझ्याकडेच राहिले.

चौथा दिवस : मुंब्रा

रेल्वेने जाताना पारसिकचा बोगदा संपला की उजव्या हाताला मुंब्रादेवीचा डोंगर दिसतो. बोगदा १९१६ चा, जवळपास १.३ किलोमीटरचा. लहानपणी आम्ही बोगद्यात शिरल्यापासून श्वास रोखून धरायचो आणि बाहेर आल्यावर आत्या बोट दाखवायची : "तो बघा माझा कडा." मुंबई-ठाण्याचे गिर्यारोहक पिढ्यान्‌पिढ्या मुंब्र्याच्या या कातळावर हात साफ करत आले आहेत. आत्या १९७९ साली उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमध्ये बेसिक कोर्सला गेली. ही संस्था १९६५ ची, कोर्स २८ दिवसांचा. तर तिथे कातळारोहणात तिला फारसं काही नवीन वाटलं नाही, म्हणे. सगळं मुंब्र्याला झालेलं होतं.

तिची डोंगरातली जोडीदारीण, आमच्या काकू, आमच्यासाठी कळव्याहून आल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षं, ताठ कणा, पायांत अजून तसेच कॅनव्हासचे बूट. आतोबा मंदिराच्या पायऱ्या बसत बसत चढले. वरून खाली रूळ, खाडी आणि मुंब्र्याची दाटीवाटीची घरं दिसत होती. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि काकूंनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही मी आत्याकडून कधी ऐकल्या नव्हत्या.

पहिली इथलीच. काकू कड्यावर निम्म्यात होत्या आणि त्यांचे पाय लटपटायला लागले. वर जाववेना, खाली येववेना, हात सुटत आलेले. आत्या खाली दोर धरून बिले देत होती, म्हणजे वरचा घसरला तर त्याला दोरावर तोलून धरायचं काम तिच्याकडे होतं. तिने घाबरू नको वगैरे काही म्हटलं नाही. खालून ओरडून विचारलं, "काल डब्यात भरली वांगी आणली होतीस ना, कशी केलीस ती सांग." काकूंना राग आला. "अगं, इथे मी मरते आहे!" "मसाल्यात आधी काय घातलंस ते सांग." काकूंनी दाण्याचं कूट म्हटलं, मग खोबरं, मग तीळ, गोडा मसाला, चिंच-गूळ. वांग्याला चिरा देईपर्यंत पाय थांबले. फोडणीपर्यंत त्या वर पोचल्या. "दोर तिने एक वीतसुद्धा ढिला सोडला नव्हता," काकू म्हणाल्या. "बोलत होती माझ्याशी, पण डोळे दोरावर."

दुसरी नेपाळची. अन्नपूर्णा परिक्रमेत थोरांग लाच्या पायथ्याशी दोघी पोचलेल्या. खिंड ५,४१६ मीटर, पहाटे निघालं की दुपारी पार. रात्री आत्याचं डोकं दुखायला लागलं आणि उलटी झाली. सोबतचे सगळे म्हणाले, गोळी घे, काही तासांचा तर प्रश्न आहे. आत्याने उजाडताच सामान बांधलं आणि काकूंना घेऊन खाली मनांगला उतरली. उंचीवर डोकं दुखून उलटी झाली की वर जायचं नाही, खाली जायचं. हा नियम तिला पाठ होता, आणि इतका पैसा खर्च करून, इतक्या जवळ येऊन तो पाळायची तिची तयारी होती. दुसऱ्या वर्षी जाऊन खिंड केली. ठाण्यात मात्र तिने दोन्ही वर्षांचं सारखंच सांगितलं : प्रवास छान झाला.

आतोबा म्हणाले, "त्या वर्षी माझं टिंब खिंडीच्या पलीकडे पोचलं होतं. आल्यावर तिने खोडरबर घेऊन ते मागे आणलं. कारण नाही सांगितलं."

राहिला दोर. त्याच्या भेंडोळ्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती, तिच्या अक्षरातली. 'खरेदी १९९६. २००६ नंतर चढाईला वापरू नये. कुणाला द्यायचा तर आधी तुकडे करून द्या. अख्खा दिसला तर कुणीतरी वापरेल.' नायलॉनचा दोर वरून धडधाकट दिसतो, पण उन्हाने आणि वयाने त्याची ताकद जाते, आणि आत शिरलेली बारीक वाळू धागे कापत राहते. बाहेरून काही कळत नाही. काकूंच्या ओळखीची पोरं त्या दिवशी कड्यावर सराव करत होती. दोर बघून एकाचे डोळे चमकलेच. चिठ्ठी वाचून त्याने मुकाट्याने चाकू काढला.

दोन-दोन मीटरचे तुकडे केले. कापलेलं टोक उसवू नये म्हणून मेणबत्तीवर धरून वितळवावं लागतं, ते काम आतोबांनी घेतलं. टोक ज्योतीजवळ न्यायचं, काळसर थेंब धरला की बाजूला घेऊन दगडावर दाबायचं. वाऱ्याने मेणबत्ती विझायची, लेक दोन्ही हातांचा आडोसा करायची. गाठी शिकायला येणाऱ्या मुलांसाठी हे तुकडे चांगले, असं काकू म्हणाल्या.

मग आतोबांनी एक तुकडा उचलला, स्वतःच्या कमरेभोवती घेतला आणि बघता बघता बोलाइनची गाठ मारली. काकू बघतच राहिल्या.

"दर संध्याकाळी खुर्चीच्या पायाला बांधून सराव करायची," ते म्हणाले. "खुर्चीत मी बसलेला असायचो. पेपर वाचता वाचता बघायचो. येते मला." त्यांनी गाठ सोडली आणि दोर लेकीच्या हातात दिला. "बांध. आणि बांधल्यावर जोरात ओढून बघ. सुटली तर परत बांधायची."

तिची तिसऱ्या खेपेला बसली. पोरांनी तुकडे वाटून घेतले. सर्वांत लांब तुकडा आतोबांनी स्वतःकडे ठेवला आणि नीट गुंडाळून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात घातला. भाड्याच्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला दोरी नाही, हे त्यांनी घर बघायला गेलो त्याच दिवशी हेरून ठेवलं होतं, आणि दोन खिळ्यांमधलं अंतरही मोजून आणलं होतं.